कागदबाईंचा भागाकार

आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या मॅडमना पोरं पाठीमागे कागदबाई म्हणतात. मी लॅब सांभाळतो. इथेच एक वर्ष शिकलो, नापास झालो, आणि मॅडमनीच शब्द टाकून मला इथे चिकटवलं. रोज सकाळी मी साठ कॉम्प्युटर चालू करतो आणि त्या आल्या की सगळ्यांचे पडदे बंद करतो. त्यांचा नियमच तसा. उत्तर किती यायला हवं ते आधी कागदावर काढा, मग कीबोर्डला हात लावा.

पोरांच्या डोक्यात हे शिरेल तर शपथ. एकदा चार, तीन आणि तीनची सरासरी काढायला सांगितली. पडद्यावर आलं तीन.

"अरे, बेरीज दहा. तिनाने भागल्यावर पॉइंटनंतरचं कुठे गेलं?"

"कॉम्प्युटरने तीनच दिलंय, मॅडम."

पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की कॉम्प्युटर पॉइंटनंतरचं कापून टाकतो, हे त्यांनी पन्नासदा तरी सांगितलं असेल. पालथ्या घड्यावर पाणी. मग खडू आपटून त्या माझ्याकडे बघायच्या, जणू ही पोरं मीच घडवली आहेत. घरीही तीच चिडचिड. नवरा म्हणायचा, "अगं, भाजीत मीठ तरी न मोजता टाक."

यंदा प्राचार्यांनी बजावलं होतं, साठांपैकी निम्मी पोरं पास झाली नाहीत तर वर्ग काढून घेऊ आणि तुमच्याऐवजी व्हिडिओ दाखवू. अठरा वर्षं शिकवलेला वर्ग. मॅडम दोन महिने रविवारीही शिकवायला आल्या. मलाही यावं लागलं, आणि आईची बोलणी मी खाल्ली.

निकालाची छापील यादी आली. अठ्ठावीस पास. मॅडमनी ती एकदाच पाहिली आणि वर्ग सोडत असल्याचं लिहून सही केली. मला इतका राग आला होता, पण काढायचा कुणावर?

दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरची एक मुलगी लॅबमध्ये आली. दर वाक्याला 'का' विचारून मॅडमचं डोकं सगळ्यांत जास्त खाल्लं होतं ते हिनेच. सरासरी एकोणचाळीस, म्हणून नापास. तिच्या हातात वहीचं फाडलेलं पान होतं.

"मॅडम, माझ्या तीन पेपरांची बेरीज एकशे एकोणीस. कागदावर भागलं तर एकोणचाळीस पॉइंट सहासष्ट येतं. अर्ध्याच्या वर असलं की पुढचा आकडा धरायचा असा नियम आहे, म्हणजे चाळीस. चाळीसला पास. मग यादीत एकोणचाळीस का?"

आम्ही यादी तपासली. अशी आणखी दोन पोरं निघाली. म्हणजे एकतीस पास. मी उठलोच.

"चला प्राचार्यांकडे. ज्या शहाण्याने हा निकालाचा प्रोग्रॅम लिहिला त्याचे आधी कान उपटले पाहिजेत."

मॅडम जागच्या हलल्या नाहीत.

"मीच लिहिलाय," त्या म्हणाल्या. "सहा वर्षांपूर्वी. घाई होती. कागदावर तपासला नाही."

मुलगी माझ्याकडे बघायला लागली.

मॅडमनी कपाटातून सहाही वर्षांच्या याद्या काढल्या. "आधी हे सगळं नीट करू, मग त्यांच्याकडे जाऊ. वर्ग राहतो की जातो ते नंतर बघू." सगळ्यांत जुनी यादी त्यांनी माझ्यापुढे सरकवली, वर एक कोरा कागद ठेवला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुझी तू कर."

माझी सरासरी मला पाठ होती. एकोणचाळीस. तीन पेपरांचे मार्क एकाखाली एक लिहिले आणि बेरीज केली. दोनदा केली. एकशे एकोणीस. भागायची गरजच नव्हती.

सहा वर्षं मी यांच्यासाठी पडदे बंद करत आलो होतो. मी पेन खाली ठेवलं.

"मॅडम," मी म्हटलं, "एकदा तरी कागदावर करायचं होतंत."