रंग : भाजलेला शेंगदाणा

माझं लग्न ठरण्याआधीच मोडलं, कारण ऑइलपेंट वाळायला दोन दिवस लागतात.

म्हणजे दोष पेंटचा नाही. (बाबांचं राळेगावात रंगाचं दुकान आहे. पेंटला दोष दिलेला त्यांना चालत नाही.) दोष कुणाचा ते सांगते, आणि रागातच सांगते, कारण सगळं घडत होतं तेव्हा मी तोंड उघडलं नव्हतं. मी लाजाळू आहे. मला उत्तर सुचतं ते तीन दिवसांनी, आंघोळ करताना, अगदी मुद्देसूद!

सुरुवात वर्गात झाली. मी चौथीला शिकवते. मुलांना स्वतःचं चित्र काढायला दिलं होतं. रोशनी नावाची मुलगी आहे, कोलाम आदिवासींच्या पोडावरून, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीवरून येते. तिनं शेजारच्या आर्यनकडे खडू मागितला.

"स्किन कलर दे ना."

आर्यननं खडू मुठीत घट्ट धरला. "तुही स्किन ह्या कलरची हाय का? तू काळा घे ना!"

वर्ग खदाखदा हसला. रोशनीनं चित्रातल्या मुलीचा फ्रॉक रंगवला, रिबिनी रंगवल्या, बाजूची शेळीसुद्धा रंगवली. चेहरा कोरा ठेवला.

आणि मी, त्यांची शिक्षिका, काय म्हणाले? "शांत बसा." जी एकटीच शांत बसली होती, तिलाही!

तास संपल्यावर तो खडू मी हातात घेऊन पाहिला. फिक्कट गुलाबी. त्या रंगाचा माणूस मी यवतमाळ जिल्ह्यात पाहिलेला नाही. (एकाचा हात पाहिला होता, पण तो त्याच दिवशी प्लास्टरमधून निघाला होता.) माझं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालं. तिथेही हाच खडू, हेच नाव. दहा वर्षं मी स्वतःला गुलाबी रंगवत होते आणि एकाही टीचरनं विचारलं नाही की ही कोण?

मी ठरवलं, सोमवारी वर्गात एक फळा न्यायचा. आपल्या भागात माणसं ज्या ज्या रंगांची असतात ते सगळे रंग त्यावर, आणि प्रत्येकाला इथल्याच एखाद्या वस्तूचं नाव. मुलांनी हात लावून आपला रंग शोधायचा. रोशनीला तो कोरा चेहरा भरता आला पाहिजे, बस.

बाबांना सांगितलं. ते उजळले. "शेड कार्ड पायजे म्हन ना!"

आणि मग माझ्या हातातून सगळं गेलं. शनिवारी दुकानात जो येईल त्याला बाबा म्हणू लागले, "भाऊ, बाही वर करा." चुना घ्यायला आलेला माणूस मनगटावर चार पट्टे घेऊन घरी गेला. घरी आईच्या कोपराला रंग, माझ्या मनगटाला रंग, दूधवाल्याच्या गालाला रंग! ("गाल उन्हात राह्यते, मनगट खरं," इति बाबा.) संध्याकाळपर्यंत निष्कर्ष निघाला : नऊ रंग. बाबांनी हार्डबोर्डवर नऊ मोठे गोल रंगवले, नऊ आइस्क्रीमच्या काड्यांना लवकर वाळेल असा पातळ हात दिला, उरलेला रंग नऊ डब्यांत भरला. मी बसून गोलांखाली आणि काड्यांच्या कोऱ्या टोकांवर सुबक अक्षरात एक ते नऊ आकडे घातले आणि नावं लिहिली. एक, सोललेला लसूण. पाच, भाजलेला शेंगदाणा. आठ, चिंचोका. नऊ, भिजलेली काळी माती.

तेवढ्यात आत्या आली. बाबांची मोठी बहीण. माझ्या लग्नाचं खातं तिच्याकडे आहे.

"असे नावं असतात का?" ती म्हणाली. "लिहून घे. गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी."

"आणि त्याच्या पुढे?" मी विचारलं.

"त्याच्या पुढे 'स्वभावानं चांगली'."

मग तिनं बातमी सांगितली. उद्या दुपारी यवतमाळचे पाहुणे मला पाहायला येणार. मुलगा पुण्यात नोकरीला. माझा बायोडाटा आत्यानंच पाठवलाय, आणि त्यात 'रंग' पुढे लिहिलंय : गोरा. फोटोही तिनंच भाच्याकडून मोबाइलवर 'उजळून' घेतलाय!

"आत्या, मी गोरी नाहीये."

"बायोडाट्यात सारेच गोरे असतात वो बाई!"

रविवारी मुलगा आणि त्याची आई वेळेच्या अर्धा तास आधीच आले. फळा बैठकीत वाळत होता, ओलाच. आत्यानं तो उचलून सोफ्यावरच पाठीला टेकवून उभा केला आणि वर माझी ओढणी टाकली. (पातळ, जाळीची. घरात सात चादरी असताना!)

मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले. काकूंनी, म्हणजे मुलाच्या आईनं, माझ्याकडे पाहिलं, मोबाइलमधल्या फोटोकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं.

"फोटोत बरीच उजळ वाटली होती हो."

"उन्हानं!" आत्या म्हणाली. "शाळेत जाऊन राह्यली ना रोज. लग्न झालं का निघते सारं काळपटपन."

जसं काही मी कढईच! आई माझ्याकडे पाहत होती, मी शेवेकडे पाहत होते.

"तसं नाही," काकू म्हणाल्या, "पण आमचा मुलगा गोरा आहे. पुढच्या पिढीचा विचार करावा लागतो."

'गोरा' ऐकल्याबरोबर बाबांनी मुलाकडे पाहिलं. सासऱ्याच्या नजरेनं नाही, दुकानदाराच्या.

"गोरा?" ते अगदी प्रेमानं म्हणाले. "नाही वो ताई. काहीतरी गलती होऊन राह्यली." आणि खिशातून काड्या काढल्या!

"माहा भाऊ पागल हाय," आत्या कुजबुजली, पण तोवर मुलानं निमूटपणे मनगट पुढे केलं होतं.

"पाच नंबर," बाबा म्हणाले. "भाजलेला शेंगदाणा." मग तीच काडी माझ्या हाताला लावली. "हे पाहा, हिचाबी पाच! एका डब्यातला माल!"

"आई, खरंच पाच आहे," मुलगा काडी निरखत म्हणाला.

"तू गप बस!" काकू कडाडल्या. "आमच्याकडे सगळे गोरे आहेत. हा माझा हात बघा!"

बाबांनी पाहिला. चष्मा पुसून पुन्हा पाहिला. "तुमचा सात. चिंच."

काकू अशा काही मागे सरल्या की थेट ओढणीखालच्या फळ्यावर रेलल्या. ओढणी घसरली. त्या उठल्या तेव्हा त्यांच्या मोतिया साडीवर, खांद्यापासून कमरेपर्यंत, आमच्या भागातली सगळी जनता उमटली होती.

"घासू नका!" बाबा ओरडले. "पसरते!"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. माझ्या पोटात सत्तावीस वर्षांची वाक्यं जमली होती. बेसन लाव, साय लाव, पिवळा ड्रेस नको घालू, उन्हात नको जाऊ! मी ट्रे टेबलावर आपटला, तोंड उघडलं, आणि म्हणाले,

"टर्पेंटाइन आणू का?"

पाहुणे गेले. मुलानं जाताना पोह्यांची बशी संपवली, एवढीच सहानुभूती. आत्यानं मात्र अंगणात उभं राहून जाहीर केलं, "त्या पोडावरच्या पोरीपायी सोन्यासारखं स्थळ गेलं!"

"तिचं नाव रोशनी आहे," मी म्हणाले. इतक्या हळू की मला स्वतःलाच ऐकू यायला दुसऱ्यांदा म्हणावं लागलं.

फळा फुकट गेला होता. सोमवारी मी काड्या आणि डब्याच वर्गात नेल्या. मुलं तुटून पडली. आर्यनला सहा नंबर निघाला, गूळ. त्यानं तीनदा हात धुऊन पाहिलं, सहाच. रोशनीला आठ, चिंचोका. तिनं डबी उघडली, ब्रश बुडवला आणि त्या कोऱ्या चेहऱ्यात रंग भरला, सावकाश, कानापर्यंत. मला वाटलं, झालं! नाही म्हटलं तरी छाती फुगलीच.

तेवढ्यात तिनं काड्या ओळीनं लावल्या आणि मान वर केली.

"मॅडम, एक नंबर गोऱ्यालेच कायले देला?"

मी काड्यांकडे पाहिलं. माझंच सुबक अक्षर. आत्याचं नाही, काकूंचं नाही, बाबांचंही नाही! वर्गात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती, तरी मी म्हणाले, "शांत बसा."

मग स्केचपेन तिच्याकडे दिलं. तिनं सगळे आकडे खोडले आणि काळ्या मातीपासून सुरुवात केली. "एक नंबर माही आजी हाय," तिनं सांगितलं. ती स्वतः दोन. आर्यन चार. काकूंचा सात आता तीन झाला होता, यवतमाळला कुणीतरी कळवायला हवं.

मी उत्सुकतेनं माझी काडी उचलली. पाच. रंग नऊ आहेत हो. गोऱ्याकडून मोजा, काळ्याकडून मोजा, मी आपली बरोब्बर मधोमध, हातात पोह्यांचा ट्रे घेऊन, गप्प.