उचललेला वस्तारा

चौकातल्या सलूनमध्ये मी दाढीला बसलेला असताना बाहेर अँब्युलन्सचा भोंगा वाजला, की सदाकाका माझ्या गालावरचा वस्तारा उचलतात. गाडी लांब जाईपर्यंत तो तसाच हवेत धरून उभे राहतात. गालावरचा फेस वाळत जातो. रस्त्यावरची माणसं हात जोडतात ती आतल्या पेशंटसाठी. काकांचं लक्ष पेशंटशेजारी बसलेल्या माणसाकडे असतं. त्यांची मुलगी, शुभांगी, अशाच एका गाडीवर डॉक्टर आहे.

"परवा घाटात, चालत्या गाडीत बाळंतपण केलं तिनं," काल ते म्हणाले. "हात जरासुद्धा हलला नाही. हात माझ्यावर गेलाय तिचा."

आईबाप मुलांमध्ये आपलं नाक शोधतात, रंग शोधतात. आपला हात शोधणारा बाप मी पहिल्यांदाच पाहत होतो. मुलीच्या कामातलं त्यांना दुसरं काही कळत नसावं, पण दुसऱ्याचा जीव आपल्या हाताखाली असणं त्यांना रोजचं आहे.

तेवढ्यात पुन्हा भोंगा ऐकू आला. वस्तारा वर गेला. मला समोरच्या आरशात त्याचं पातं बारीक थरथरताना दिसलं. आवाज विरल्यावर काकांनी वाळलेला फेस पुसला आणि पुन्हा साबण लावायला घेतला.