शांत ठेवलेली पोर

तिच्या घोट्यावरचा काळा वळ पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तिच्या आईची किळस आली होती. हे आधीच सांगून टाकते, लपवण्यात अर्थ नाही.

मी विशेष मुलांची फिरती शिक्षिका. खोली जव्हारला आणि मुलं पार मोखाड्याच्या टोकापर्यंत विखुरलेली. ही मुलगी सूर्यमाळच्या एका पाड्यावरची, आठ वर्षांची, स्वमग्न. बोलत नाही. नजरेला नजर देत नाही. गोंगाट झाला की कान दाबून किंचाळते, स्वतःच्याच मनगटाला चावते. पण कुणी सुपात नाचणी पाखडायला बसलं, की असेल तिथून धावत येते आणि त्या आवाजाला टेकून बसावं तशी तासभर बसून राहते. पाड्यात ती कुठेही भटकली तरी कुणीतरी हाताला धरून घरी आणून सोडतं. त्यात कुणाला उपकार केल्यासारखं वाटत नाही.

वळ पाहिला आणि मी तिच्या आईवर तोंड सोडलं. "अगं, जनावर आहे का ती? पोटच्या पोरीला बांधतेस?"

ती भात निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "इथं नाय बांधत. भट्टीवर बांधते. ट्रक फिरतात, आग असते. मी माती मळू का हिच्या मागं धावू? तूच सांग, बाई."

इथे सगळ्यांना अरे-तुरेच करतात, मलाही. सुरुवातीला मला ते टोचायचं, मोठी शहाणी ना मी! त्या दिवशी मात्र तिच्या 'तूच सांग'मधलं 'तू' मला ऐकूही आलं नाही, प्रश्न तेवढा ऐकू आला. दिवाळी झाली की पाड्यातली निम्मी घरं भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तेवढे महिने ही मुलगी झाडाला बांधलेली. नायलॉनची दोरी, एक टोक झाडाला, दुसरं घोट्याला.

मग मी हट्टालाच पेटले. अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं तर महिन्याचं अनुदान सुरू होणार होतं, आणि ते झालं तर आई एक हंगाम पाड्यावर राहू शकणार होती. बाप एकटा गेला असता. त्याने मान डोलावली, आजीनेही. दोरी सुटायला फक्त एक कागद हवा होता. वर्षभर मी त्या एका कागदामागे होते. आधार कार्डावरचं वय चुकलेलं, ते दुरुस्त करायला तीन खेपा. कुठल्या कुठल्या खिडक्यांवर काय काय ऐकून घेतलं ते लिहीत नाही, पुन्हा डोकं फिरेल.

अखेर जव्हारला तपासणी शिबिर ठरलं. आदल्या दिवशी मी पाड्यावर गेले आणि आईला बजावलं, "तिथे गर्दी असेल, माइक असेल. तिला शांत ठेव हां. दंगा नको."

का सांगितलं? गेल्या शिबिरात माझ्या एका विद्यार्थ्याने पाहुण्यांचा हार ओढला होता आणि आयोजकांनी सगळ्यांदेखत मला झापलं होतं. मला माझी लाज वाचवायची होती, दुसरं काही नाही.

शिबिर! अहो, कसलं शिबिर? स्टेजपेक्षा मोठा फ्लेक्स, त्यावर हात जोडलेले दहा-बारा चेहरे. बाहेरून आलेल्या कुठल्याशा मंडळाचे लोक. सकाळी नऊला बोलावलेली मुलं साडेअकरापर्यंत सतरंजीवर, कारण पाहुणे यायचे होते. मग नारळ, मग शाली, मग भाषणं. एकाने 'ही तर देवाची लेकरं' म्हणून डोळे पुसले आणि पुसता पुसता फोटोवाल्याकडे बघून घेतलं. पाहुण्यांचं जेवण पडद्यामागे मांडलेलं, पनीरचा वास सगळ्या हॉलभर. देवाच्या लेकरांना एकेक गार वडापाव, तोही भाषणं संपल्यावर. मला शिसारी आली. तरी मी हसत होते, 'या सर, बसा सर' करत होते.

आमची मुलगी एवढ्या कर्कश माइकपुढे आईच्या मांडीवर गाढ झोपलेली. मला आधी बरंच वाटलं. मग मंडळाच्या दोन बायका आल्या आणि तिला उचलून वाटपाच्या चाकाच्या खुर्चीत बसवलं. धडधाकट पाय असलेली मुलगी! पाहुण्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, फोटो झाला, आणि तिला खाली उतरवून खुर्ची पुढच्या मुलासाठी ओढून नेली. मुलीची मान एका बाजूला कलंडली. मी खाली बसून तिचा गाल थोपटला.

"अगं, ही उठत का नाही?"

आई हसली. केलेलं काम चोख झालं की हसतात तसं. "तूच सांगलंस ना शांत ठेव. सर्दीचं औषध पाजलं. ते घेतलं की निजते ती. दोन झाकणं दिली सकाळी."

इथे बाईने सांगितलं म्हणजे ते करायचंच असतं. वर 'माझ्यामुळे बाईला बोलणी नकोत' हाही विचार तिने केला होता. मी तिच्यासाठी तेवढा केला नव्हता.

तेवढ्यात नंबर आला. डॉक्टरांनी मुलीला हलवलं, नावाने हाक मारली. तिने डोळे किलकिले केले आणि पुन्हा मिटले. "शांत आहे की," ते म्हणाले. "सौम्य दिसतंय." मी म्हटलं, "सर, ही रोज अशी नसते." ते म्हणाले, "मॅडम, मला समोर दिसतं ते लिहावं लागतं. आज अशी का आहे, काही दिलंय का?"

विचारलं त्यांनी. सरळ विचारलं. आणि मी म्हटलं, "प्रवासाने दमली असेल."

खरं सांगितलं असतं तर आईला बोलणी बसली असती, अशी मी पुढे कित्येक दिवस माझी समजूत घातली. थापा! 'बाईने सांगितलं' हे ती तिथेच, सगळ्यांसमोर म्हणाली असती. त्याला मी घाबरले.

प्रमाणपत्र आलं. त्यावर अपंगत्वाचा टक्का अनुदानाला लागतो त्याहून कमी. फेरतपासणीचा अर्ज मी दुसऱ्याच दिवशी टाकला. पुढचं शिबिर केव्हा, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. भट्टीच्या गाडीचा दिवस मात्र पक्का होता.

गाडी यायच्या आदल्या दिवशी मी पाड्यावर गेले. बोचकी बांधून झाली होती. औषधाचं मी सगळं सांगून टाकलं, डॉक्टरांशी खोटं बोलले तेही. मला वाटलं, आता ही मला शिव्या घालेल. बरं झालं असतं. ती उठली आणि आतून जुन्या लुगड्याची पट्टी घेऊन आली.

"दोरी लागते तिला," ती म्हणाली. "तू शिकलेली हायेस. लागणार नाय असं कसं बांधायचं, ते दाखव."

मी दाखवलं. पायाला नाही, कमरेला. आत दोन बोटं जातील इतकं सैल. गाठ पाठीमागे, म्हणजे तिचा हात पोचणार नाही आणि कुशीवर वळताना टोचणार नाही. शेजारी आजी नाचणी पाखडत होती, म्हणून मुलगी हललीसुद्धा नाही. आईने गाठ ओढून पाहिली, सोडली, स्वतः एकदा बांधली, पुन्हा ओढून पाहिली.

"बाई," ती म्हणाली, "तुला चांगलं बांधता येतं."