फिल्टर ओरिजनलच पाहिजे

स्पेअर पार्टच्या दुकानात वीसेक वर्षं काउंटरमागं बसलं की नटबोल्टांच्या खणाखाली जसा गंजाचा भुगा साठतो, तसे किस्से साठत जातात. मुद्दाम कुणी गोळा करत नाही, पण झाडायला घेतलं की पायली भरून निघते. लोक ऐकून हसतात. मला मात्र अजून राग येतो!

आमचं दुकान मंचरला, हायवेला लागून. नव्वद सालानंतर गावोगाव जीपा आल्या, मग दारादारांत चारचाकी आल्या आणि त्यांच्याबरोबर ऑइल फिल्टरचा वाद आला. हा फिल्टर म्हणजे मुठीएवढा पत्र्याचा डबा, आत घड्या घातलेला कागद. चहाला गाळणी तसा इंजिनच्या ऑइलला हा. तो मिळतो तीन प्रकारचा. गाडीच्या कंपनीच्या नावाचा तो ओरिजनल. दुसऱ्या एखाद्या चांगल्या कारखान्यानं स्वतःच्या नावानं काढलेला तो लोकल. आणि ओरिजनलचं नाव चोरून कुठल्यातरी गाळ्यात ठोकलेला तो डुप्लिकेट. पहिले दोन मी विकले. तिसऱ्याला दुकानाची पायरी चढू दिली नाही. दुकानाचं जे काही नाव होतं ते तेवढ्यावरच होतं. पण लोकल आणि डुप्लिकेट यांतला फरक समजावता समजावता घशाला कोरड पडायची आणि गिऱ्हाईक शेवटी म्हणायचं, "म्हंजी दोनी सारकंच की."

सारकंच! आंबा आणि आंब्याचं चित्र सारखंच!

* * *

डिंभ्याचा बबन घोडेगाव-डिंभे जीप चालवायचा. एसटीचा काही भरवसा नसायचा, त्यामुळं बबनच्या जीपमध्ये माणसं आत कमी आणि बाहेर लोंबकळणारी जास्त. एवढा भार ओढणाऱ्या गाडीला फिल्टर तरी नीट घालावा की नाही? पण बबनची निवडायची रीत वेगळी होती. एका तळहातावर एक डबा, दुसऱ्यावर दुसरा. डोळे मिटून दोन्ही हात वरखाली करायचा आणि जो जड लागेल तो उचलायचा. बाजारात दुधी भोपळा घेतात तसा.

मी त्याला सांगून थकलो की बाबा, काम पत्रा करत नाही, आतला कागद करतो. एके दिवशी तो कुठूनतरी एक फिल्टर घेऊन आला आणि माझ्या काउंटरवर दणकन आपटला. माझ्याकडच्या सगळ्यांपेक्षा तो जड होता. बबनच्या चेहऱ्यावर कुस्ती मारल्याचा आनंद.

शेजारीच सोपान मिस्त्रीचं गॅरेज. मी त्याला हाक मारली आणि तो डबा हॅक्सॉनं कापायला लावला. आत फिल्टरचा कागद नव्हताच. बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा घड्या घालून कोंबला होता. वरची अक्षरंसुद्धा वाचता येत होती. मला वाटलं, आता तरी हा कान पकडेल.

बबननं पुठ्ठा दोन बोटांत धरून चोळून पाहिला आणि म्हणाला, "पण जाड हाये, राव."

* * *

आता ह्याच्या अगदी उलटं टोक ऐका. पारगावचे गेनूअण्णा, उसाचे मोठे बागायतदार. त्यांच्या गाडीचा ओरिजनल फिल्टर काही महिने बाजारातच येत नव्हता. मी म्हटलं, अण्णा, ह्या कारखान्याचा लोकल घाला, एक नंबर आहे, मी माझ्या स्वतःच्या गाडीत वापरतो. अण्णांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसा काही मी त्यांच्या चहात काहीतरी कालवतोय.

"ज्याची गाडी त्याचाच फिल्टर," अण्णा म्हणाले. "माणसाला कुनाचंबी रगत चढवत्यात का?"

अहो अण्णा, दवाखान्यात दुसऱ्याचंच चढवतात! पण ऐकतो कोण. गाडी नेऊन गोठ्याशेजारी उभी केली, वर ताडपत्री टाकली. साखर कारखान्याचा बॉयलर पेटला, गाळप सुरू झालं, तोडणीवाले आले आणि मोळ्या बांधून गेलेसुद्धा. अण्णा आपले बैलगाडीवाल्यांच्या मागं बसून फिरतायत. मी कंपनीच्या डेपोला फोन करून करून शेवटी एक फिल्टर मिळवला. पाठवत बसलो नाही, स्वतः मोटारसायकलवर घेऊन पारगावला गेलो. उन्हानं डोकं तापलं होतं आणि त्याआधीच ते अण्णांनी तापवून ठेवलं होतं.

अण्णांनी ताडपत्रीचं टोक उचललं, आत वाकून पाहिलं आणि परत हलकेच खाली सोडलं.

"आता ऱ्हाऊ द्या जरा," म्हणाले. "मागच्या सीटवर खुडूक कोंबडी बसलीया. पिल्लं निगाल्यावर बगू."

* * *

ओरिजनल फिल्टर देताना त्याचं खोकं मी गिऱ्हाइकासमोर फाडायचो. ही माझ्या दुकानाची रीत. कारण रिकामी, धड खोकी भंगारवाले उचलायचे आणि ती डुप्लिकेटवाल्यांकडं जायची. आत पुठ्ठा, बाहेर कंपनीचं खरं खोकं. आपल्या हातानं चोराला पोशाख कशाला द्या?

पण ह्या एका गोष्टीवरून मी जेवढ्या शिव्या खाल्ल्या तेवढ्या उधारी मागूनही खाल्ल्या नसत्या. खोकं फाडलं म्हणजे माल जुना असणार. खोकं फाडलं म्हणजे काहीतरी लपवायचं असणार. एक गुरुजी तर फाटलेलं खोकं पाहून फिल्टर तिथंच ठेवून दुसऱ्या दुकानात गेले. जाताना मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाले की सचोटी राहिली नाही. मला! खोकं फाडणाऱ्याला!

तासाभरानं गुरुजी परत आले. हातात दुसऱ्या दुकानातला फिल्टर, खोकं एकदम कोरं करकरीत. इकडं तिकडं पाहून त्यांनी ते माझ्यासमोर सरकवलं.

"एवडं फाडून द्या," गुरुजी म्हणाले. "आमच्या थोरल्यानं सांगितलंय, तुमच्याकडचा ओरिजनल फाटक्या खोक्यात येतो."

* * *

आता आमचे दाजी. निमगाव सावाचे. माझ्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्काचे मालक. माणूस कष्टाळू, पण नाकावर राग. दाजींनी नवी कोरी गाडी घेतली. भावकीत पहिली. गाडी आली तेव्हा गाव बघायला लोटलं, तेव्हापासून अक्काच्या मनात एकच भीती. गाडीला नजर लागेल.

वॉरंटी होती तोवर गाडी सर्व्हिसला पुण्यालाच न्यावी लागे. तिथं काचेच्या केबिनमध्ये टायवाला बसलेला. आमच्या सर्व्हिस सेंटरशिवाय कुठला फिल्टर घातला तर वॉरंटी गेली म्हणून समजा, असा दम त्यानं पहिल्याच दिवशी भरला होता. बिलावर दर वेळी नवीन फिल्टर लिहिलेला असायचा.

एकदा सर्व्हिस करून परतताना दाजी माझ्याकडं थांबले. सोपाननं सहज बोनेट उघडलं, खाली वाकला आणि मला हाक मारली. फिल्टरच्या पत्र्यावर लाल नेलपॉलिशचा एक ठिपका होता. मला काही कळेना. दाजी ओशाळून म्हणाले की ती अक्कानं लावलेली तीट आहे. काजळ ऑइलनं पुसून जाईल म्हणून नेलपॉलिश. गाडी घरी आली त्याच दिवशी पुतण्याला गाडीखाली घालून लावून घेतली होती.

म्हणजे गाडीच्या जन्मापासून तोच फिल्टर! बिलं मात्र दर सर्व्हिसची नवीन! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी दाजींना घेऊन पुण्याला गेलो आणि त्या टायवाल्याला बोनेट उघडून तीट दाखवली. तो शांतपणे वाकला, बघितलं आणि म्हणाला, "आहे तो ओरिजनलच आहे ना? मग तक्रार काय आहे तुमची?"

* * *

वॉरंटी संपली आणि त्याच वर्षी अधिकमास आला. जावयाला धोंड्याचं वाण द्यायचं असतं. आईनं चांदीच्या तबकात तेहतीस अनारसे मांडले. मी म्हटलं, आपणही आपल्या दुकानातलं काहीतरी देऊ. अनारशांशेजारी एक ओरिजनल ऑइल फिल्टर ठेवला. दाजी मनापासून खूश झाले. त्यांनी तो कपाळाला लावला.

दिवाळी झाली, संक्रांत झाली. एकदा दाजी दुकानासमोर थांबले तर इंजिनचा आवाज खडखड येत होता. सोपाननं ऑइल काढलं तर नुसतं डांबर. मी विचारलं, दिलेला फिल्टर बसवला ना? दाजी म्हणाले, घरी या, दाखवतो. घरी गेलो. बाहेरच्या खोलीत काचेचं शोकेस, त्यात प्लॅस्टिकची फुलं, कुस्तीत मिळालेली ढाल आणि मधोमध माझा फिल्टर. वर हळदकुंकू.

मी कपाळावर हात मारून घेतला. दाजींनाच माझं नवल वाटलं.

"येवडी भारी वस्तू," म्हणाले, "त्या काळ्या तेलात घालून घाण करायची व्हय?"

* * *

आणि हा शेवटचा. पुढच्या वर्षी आळेफाट्याजवळ दाजींच्या गाडीचं इंजिन जाम झालं. सोपाननं खोललं. फिल्टर फुटून त्याच्या चिंध्या आत गेल्या होत्या. पत्र्यावरची छपाई बघितल्याबरोबर मी ओळखलं, डुप्लिकेट. माझा असणं शक्यच नाही. पण दाजींचं म्हणणं, अक्कानं तो तुझ्याच दुकानातून आणला. निमगावात बोभाटा झाला की मेव्हण्यानंच फसवलं. तिकडची गिऱ्हाइकं तुटायला लागली. आणि दाजींनी निरोप धाडला, जोवर हा चार माणसांत स्वतःच्या तोंडानं कबूल करत नाही, तोवर अक्काचं माहेर बंद.

आई अंथरुणाला खिळलेली. रोज विचारायची, अक्का कधी येणार? मला झोप लागेना. भाऊबीजेला मीच निमगावला जायचं ठरवलं, भांडायच्या तयारीनं. पिशवीत एक ओरिजनल कापून घेतला, एक डुप्लिकेट कापून घेतला. चार माणसं हवीत ना? चारशे जमवा म्हटलं, दाखवतो कागद कुठला आणि पुठ्ठा कुठला! माझ्या दुकानाच्या नावाला बट्टा लावता काय!

अक्कानं ओवाळलं. मग पाट मांडून मला स्वयंपाकघरात जेवायला बसवलं. ताटात भाकरी वाढता वाढता ती वाकली आणि बाहेर ऐकू जाणार नाही अशा आवाजात बोलली.

"सुभा, मी आले व्हते तुज्याकडं. तू मालाला पुन्याला गेलेला, दुकानाला कुलूप. ह्यांना सकाळी गाडी पायजेल व्हती. मंग नारायणगावात उतरून घेतला आनि तुज्याकडचा म्हनून दिला. तवा बोलले न्हाई. आता तर मेले तरी सांगायची सोय न्हाई."

मी हात धुतला. पिशवी उचलून बाहेर ओट्यावर आलो. दाजी बसले होते, भावकीतली पाचसहा माणसं बसली होती, समोरच्या घरातलीही दारात येऊन उभी होती.

"बोला पावणं," दाजी म्हणाले. "फिल्टर तुमच्याच दुकानातला व्हता का न्हाई?"

आत भांड्यांचा आवाज थांबला.

"माझ्याच दुकानातला होता," मी म्हणालो.

दाजींनी मान हलवली, सुपारी कातरली आणि आत आवाज दिला, "अगं आवर, भावासंगं जायचंय ना?" मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, अगदी समजुतीनं म्हणाले, "झालं गेलं जाऊ द्या. पुढच्या खेपंला मातर ओरिजनल देत जा."