जनूनं बियाणं दिलं

पेणच्या खाडीकडल्या गावात जनूसारखा दुसरा माणूस शोधून सापडायचा नाही. कुदळ मागा, देईल. होडी मागा, देईल. अंगावरचा सदरा मागितलात तर वर विचारील, "गुंड्या तुटल्यात, चालतील ना?" त्याची बायको सीताबाई म्हणायची, "या मानसाकडं कुनी बायको मागायला आला तरी हा म्हनेल, ने, पन सांजच्याला आनून सोड." सगळी आळी हसायची. जनूही हसायचा. त्यात हसण्यासारखं काय आहे ते त्याला कळायचं नाही, हा भाग वेगळा.

उन्हाळ्यात मिठागरावर मीठ ओढायचं आणि पावसाळ्यात खारजमिनीत भात लावायचा, यात त्याचा जन्म गेला. शाळा चौथीत सुटली. देवानं एकच लेक दिली, मनस्वी, आणि ती मात्र शाळेला अशी चिकटली की सुटायचं नाव नाही. बारावी झाली, बी.एस्सी. झालं, एम.एस्सी. झालं, तरी पोरगी आपली पुस्तकातच. मग पीएच.डी. सुरू झाली. जनू पारावर सांगायचा, "माजी पोर भातावर डाक्टर होनार हाय." त्यावर कान्हूनं एकदा विचारलं होतं, "भाताला काय झालंय रं?"

कान्हू म्हणजे शेजारच्या बांधाचा. त्याचं पुढं येईलच.

मनस्वीच्या फोनवर संशोधन करणाऱ्या पोरांचा एक ग्रुप होता. संध्याकाळी ती ओटीवर बसून त्यातल्या बातम्या वाचायची आणि जनू विड्याचं पान जुळवता जुळवता ऐकायचा. कुणाची फेलोशिप रखडली, कुणाला वसतिगृह मिळालं, कुठल्या परिषदेची तारीख पुढं गेली. लोक क्रिकेट ऐकतात, हा माणूस ते ऐकायचा. नांदेडच्या कुठल्याशा पोराला मुदतवाढ मिळाली तर याला इथं बरं वाटायचं. "त्याचा गाईड चांगला हाय गो," असं मतही द्यायचा.

त्याच ग्रुपवर एके दिवशी बंगळुरूची बातमी आली. तिथल्या मोठ्या प्रयोगशाळेत सहा महिने काम करायला मिळणार होतं. राहणं-खाणं त्यांचं, यंत्रं त्यांची, आणि तिथून बाहेर पडलेल्या पोरांना पुढं कुठलीच दारं बंद राहत नाहीत असं सगळे म्हणत होते. खाऱ्या जमिनीतल्या पिकांवर काम करणाऱ्या एकालाच घेणार होते. अट एवढीच, रुजू होताना स्वतः तयार केलेलं बियाणं बरोबर आणायचं. बियाणं नाही तर जागा नाही.

आणि बियाणं मनस्वीकडे होतं! आपल्याकडचा खारातला तांबडा राता भात आणि जास्त पिकणारी दुसरी जात यांचा संकर करून चार पावसाळे तिनं बापाच्याच शेतात वेगवेगळे वाण वाढवले होते. प्रत्येक वाणाची वेगळी पिशवी, पिशवीवर नंबर. एका पिशवीतला दाणा दुसरीत गेला की काम मातीत, हे तिनं घरात सांगितलं होतं. सांगितलं होतं, पण कसं? जेवताना, घाईघाईत, आईनं कालवण वाढता वाढता. असं सांगणं लक्षात राहतं होय कुणाच्या?

मुलाखतीला ती बंगळुरूला गेली आणि इकडं उधाणाच्या भरतीनं बांधाला खांड पडली.

खाडीचं पाणी आत शिरलं ते नेमकं कान्हूच्या शेतात. पेरलेलं सगळं कुजलं. दुकानातलं बियाणं खारात उगवत नाही, गावात सगळ्यांच्या पेरण्या उरकलेल्या, कुणाच्या कणगीत चिमूटभर उरलेलं नाही. कान्हू सकाळीच जनूच्या दारात येऊन उभा राहिला. घमेलं घेऊन आला होता, ते नुसतं खाली ठेवलं.

बियाणं मागायला आलेल्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, ही खारातली रीत. शत्रू आला तरी. उद्या तुमच्या बांधाला खांड पडली तर तुम्ही कुणाच्या दारात जाणार?

"पोरीला फोन तरी करा," सीताबाई म्हणाली.

"ती मुलाखतीत असंल. तिला कशाला मध्येच घोर?" जनू म्हणाला. "मूठभर तिनं कालेजात नेलाच असंल. शिकायला कवढा लागतो?"

आणि त्यानं एकेक पिशवी सोडून घमेल्यात ओतली. पाची बोटांनी सारखं केलं, वर म्हणाला, "झ्याक हाय बियानं. माज्या लेकीचं हाय." कान्हूच्या डोळ्यांत पाणी आलं. सीताबाईनं रिकाम्या पिशव्या धुऊन वाळत घातल्या. नंबर शाईचे होते, ते पुसट झाले.

मनस्वी पाच-सहा दिवसांनी आली ती उड्या मारतच. निवड झाली होती. पेणच्या स्टँडवरून पेढे आणले होते. अंगणात पाय टाकला आणि तिला दोरीवरच्या पिशव्या दिसल्या.

"आई, ह्या कुणी धुतल्या?"

पुढचं सांगायला जीभ रेटत नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. रडली असती, भांडी आपटली असती, बापाला चार शब्द सुनावले असते तरी चाललं असतं. ती पायरीवर बसली आणि नुसती पिशव्यांकडे बघत राहिली. मग तशीच उठून कान्हूच्या शेतावर गेली. जनू मागून गेला. शेतात हिरवी पोपटी लव फुटली होती, सगळे वाण एकात एक. कुठला कोणता हे सांगायला आता ब्रह्मदेव आला असता तरी त्याला जमलं नसतं. कान्हू चिखलातून हात जोडत आला. "बाय, तुज्यामुलं घरात भात येल गो आमच्या!" आणि मनस्वी त्याला म्हणाली, "चांगलं उगवलंय, काका." घरी आल्यावर पेढे तिनं स्वतःच वाटले.

आता बापानं काय करावं? जनूला एवढंच कळत होतं की पोरीच्या हातातला घास आपण काढला आणि तो परत ठेवायची अक्कल आपल्याजवळ नाही. विद्यार्थ्यांना अडचणीत मदत करणारा एक नंबर तिनं कधीतरी ग्रुपवरून वाचून दाखवला होता. तो त्यानं तिच्या फोनमधून शोधून घेतला आणि मिठागराच्या बांधावर जाऊन लावला. आधी इंग्रजी वाजलं, मग गाणं वाजलं, मग एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "आपण विद्यार्थी आहात का?"

"नाय. मी बापूस हाय."

"सर, विद्यार्थ्यानं स्वतः बोलावं लागेल."

"ती बोलनार नाय. म्हनून मी बोलतो."

"सॉरी सर, पालकांसाठी सोय नाही." फोन बंद. तिची तरी काय चूक? ती तिचं काम करत होती.

बियाणं नाही हे मनस्वीनं बंगळुरूला कळवून टाकलं आणि तिसऱ्या दिवशी ग्रुपवर दुसऱ्याच पोराचं नाव आलं. मनस्वीनं त्याचं अभिनंदन केलं, वर त्याला फोन करून बंगळुरूला स्टेशनवरून प्रयोगशाळेची बस कुठून मिळते तेही सांगितलं. जनू ओटीवर पान जुळवत होता. ते तसंच हातात राहिलं. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून तो पेणहून रोह्याच्या गाडीत बसला. घरी सांगितलं, बाजारात जातो.

मनस्वीच्या गाईड सुरभी मॅडम रोह्याच्या कॉलेजात होत्या. स्टेशनात धाटावच्या कारखान्यांत शिफ्टला जाणारी पोरं धक्के मारत उतरली, त्यांच्याबरोबर हाही बाहेर पडला. वाटभर एकच वाक्य घोकत होता. मॅडम, चूक माजी हाय, पोरीला सजा देऊ नका. मॅडम, चूक माजी हाय.

मॅडमनी उठून खुर्ची दिली, पाणी दिलं. बाई वाईट नव्हती. जनूनं घोट घेतला, तोंड उघडलं, तेवढ्यात त्याच बोलू लागल्या.

"मी फार बोलले हो तिला. नंतर मलाच वाईट वाटलं. पण तुम्हीच सांगा, चार वर्षांचं बियाणं उंदरांनी खाल्लं म्हणजे काय?"

उंदरांनी! जनूला वाटलं आपण चुकीच्या मॅडमकडं आलो.

"मी म्हणत होते, अर्धं इथं माझ्या कपाटात आणून ठेव. तर म्हणाली, नको मॅडम, घरी माझे बाबा आहेत. ते असताना त्या पिशव्यांना कुणी हात लावणार नाही." मॅडमनी चष्मा काढून पुसला. "आता सगळं पहिल्यापासून. फेलोशिपची मुदत यंदा संपते. मुदतवाढ मागायची तर कारण काय लिहू मी? निष्काळजीपणा?"

पोरीनं बापाचं नाव घेतलं नव्हतं. सगळं अंगावर ओढून घेतलं होतं, उंदरांच्या नावानं. आता खरं सांगावं तर पोर मॅडमच्या तोंडावर खोटारडी ठरते, आणि याच मॅडमच्या हाताखाली तिला पुढचं सगळं काम करायचं आहे. नाही सांगावं तर निष्काळजीपणाचा शिक्का बसतो तो तिच्याच कपाळी. इकडे आड, तिकडे विहीर. आणि मधे हा, इस्त्रीचा शर्ट घालून.

"खरंच उंदीरच होते ना हो?" मॅडमनी विचारलं. "मला अजून पटत नाही. ती असली मुलगी नाही."

जनूनं हातातला ग्लास टेबलावर ठेवला. थोडं पाणी सांडलं, ते त्यानं बाहीनं पुसलं.

"व्हय मॅडम. उंदीरच. लय माजलेत आमच्याकडं."

मॅडमनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला आणि त्याच्या ओल्या बाहीकडं पाहिलं.

"मग एखादं मांजर तरी पाळा हो घरात," त्या म्हणाल्या.

"पालतो मॅडम," जनू म्हणाला आणि हात जोडून उठला.