नीट उभी राहा

मुलांच्या सपाट पायांसाठी बुटात घालायचे इनसोल बनवणारे आजोबा नाकावर माशी बसू देत नसत. इस्पितळामागच्या त्यांच्या खोलीत फोम कापताना कुणी मध्येच बोललं, की दटावलंच म्हणून समजा. नात आली की मात्र विरघळायचे. तिच्या फताड्या चालीवरून ते तिला ‘बदकू’ म्हणत.

मुलाचा संसार मोडल्यावर सून पोरीला घेऊन दुसऱ्या गावी राहायला गेली. तिने वैर धरलं नाही, पण येणंजाणंही ठेवलं नाही. ती येई फक्त इनसोलसाठी. पोरीचा पाय वाढला की जुने तोकडे पडत, नवं माप द्यावं लागे. आजोबा वर्षभर त्या मापाची वाट पाहत. पोरीचे पाय भराभर वाढोत, एवढंच त्यांचं मागणं.

यंदाही त्यांनी तिला ओल्या पायांनी फरशीवर उभं केलं. पायाला कमान असली की ठशाची आतली बाजू कोरडी राहते. हिचा ठसा भरीव उमटला.

“अजून तसेच?” सून म्हणाली. “व्यायाम तर रोज करून घेते. टाचा उचलणं, बोटांनी टॉवेल गोळा करणं, सगळं.”

आजोबांनी वाकून पाहिलं. पोर घोटे आत झुकवून, दातओठ खात पाय जमिनीला दाबत होती. गप्प बसले असते तर आणखी एक वर्ष पदरात पडलं असतं.

“बदकू, लबाडी पुरे. नीट उभी राहा.”

“मग तुम्ही परत बोलावणार नाही,” ती रडवेली झाली.

“उभी राहा म्हटलं ना.”

ती राहिली. इनसोलने, व्यायामाने की नुसत्या वयाने, कोण जाणे, पण कमान आली होती.

“आता इनसोल नकोत, सूनबाई.”

“म्हणजे यायला नको?”

“पायांसाठी तरी नको.”

‘नुसतंच या’ हे शब्द अगदी ओठांवर आले होते, पण जन्माचा ताठा आडवा आला. सूनही पोरीच्या बुटांचे बंद बांधत राहिली.

दोघी निघाल्या. पोर मुद्दाम फताडे पाय टाकत, बदकासारखी डुलत चालली. एरवी आजोबा कडाडले असते, “टाच आधी!” आज ते दारात उभे राहिले आणि कोपऱ्यावर वळेपर्यंत त्यांनी तिला तसंच चालू दिलं.