साहेबाच्या वाफ्यातल्या खुंट्या

आता काय सांगू तुम्हाला, कोणाचं पीक बुडतं, कोणाचं जळतं. माझ्या तर खुंट्या उगवल्या! हसू नका. त्या खुंट्यांपायी माझं लग्न मोडायला आलं होतं.

तेव्हा कापसाला सोन्याचा भाव. अमरावतीचे व्यापारी दारोदार फिरत होते आणि लोक अंगणातली तुळस तेवढी सोडून मिळेल तिथं सरकी टोचत होते. अशात आमच्याकडे एक नवा गोरा साहेब आला. आमचं गावरान त्याला आखूड धाग्याचं वाटलं. त्यानं गावाबाहेर उंच वाफे बांधले, त्यात परदेशी सरकी पेरली आणि देखरेखीला मला ठेवलं. पीक साधलं तर नोकरी कायम. अंजनगावच्या पाटलांनीही तेच धरलं होतं: नोकरी कायम, तरच मुलगी.

प्रत्येक वाफ्यावर वाणाचं नाव हवं, असा साहेबाचा हुकूम. वाळक्या खुंट्या वाळवीनं खाल्ल्या. मग मी डोकं चालवलं! विहिरीवरच्या शेवग्याच्या मनगटाएवढ्या ओल्या फांद्या तोडल्या, त्यांच्यावर नावं कोरली आणि ऐन पावसाळ्यात वाफ्यांत रोवल्या. शेवग्याची फांदी कुठंही खोचली तरी जगते, हे वऱ्हाडातलं शेंबडं पोरही सांगेल. पण मी हुशारीत होतो ना!

परदेशी कापूस पहिल्याच झडीत सडला. खुंट्यांना मात्र पालवी फुटली.

दिवाळीनंतर साहेब आला. त्यानं खोडावरचं नाव वाचलं, वरचा हिरवा झुपका पाहिला आणि माझी पाठ थोपटली. त्याला वाटलं, हाच आपला कापूस! मी खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तो म्हणाला की नोकरी कायम. तुम्ही असता तर बोलला असता? मीही मिटलं.

पुढं पांढरी फुलं आली, तेव्हा तर त्यानं अकोल्याच्या मोठ्या साहेबाला बोलावणं धाडलं. आणि मी शहाण्यानं पाटलांना.

मंडळी जमली ती शिमग्याच्या सुमारास. झाडांना हातभर शेंगा लोंबत होत्या. मोठ्या साहेबानं विचारलं, हे काय? आमचा साहेब ऐटीत म्हणाला की लांब धाग्याच्या कापसाचं बोंडही लांबच असायचं. मोठ्या साहेबानं मान डोलावली. माझ्या जिवात जीव आला.

पाटलांना राहवलं नाही. हात जोडून ते म्हणाले, "सायेब, हे बोंडं आमी वरणात टाकतो."

मोठ्या साहेबाला मराठी येत होती, हे माझं दुर्दैव. नोकरी तिथंच संपली.

पाटलांनी धोतराच्या सोग्यात शेंगा भरून घेतल्या आणि गावाकडे चालू लागले; मागून मी. मी मनातल्या मनात लग्नावरही पाणी सोडलं. वेशीपाशी ते थांबले.

"मुहूर्त निंगाला हाय, म्हून पोरगी देतो तुले. पन माह्या वावरात पाय ठेवू नोको. तू पेरतं ते सडते, अन् खुटा ठोकतं त्याचं झाड होते."

लग्नाला आता किती वर्षं झाली. सासुरवाडीच्या गोठ्यात बैलासाठी खुंटा ठोकायचा असला, की मला अजून चहा देऊन ओसरीवर बसवून ठेवतात.